गर्भाशयमुखाचा कर्करोग : प्रकाशाची पारख आणि संख्यांचा कौल

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा एकाएकी उद्भवणारा रोग नव्हे. मानवी पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजेच संक्षेपाने ज्याला एचपीव्ही म्हणतात त्या विषाणूचा, दीर्घकाळ टिकून राहिलेला संसर्ग हे या रोगाचे मूळ कारण होय. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ व १९८४ मध्ये या विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार कर्करोगाच्या पेशींत दाखवून दिले. त्या कार्यासाठी २००८ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. हा संसर्ग पुष्कळ स्त्रियांना होतो व बहुतेकींच्या बाबतीत एक-दोन वर्षांत आपोआप ओसरतो. थोड्या स्त्रियांच्या शरीरात मात्र तो ठाण मांडून बसतो. मग गर्भाशयमुखाच्या पृष्ठभागावरील पेशींची ठेवण हळूहळू बिघडू लागते. हा बिघाड सौम्य, मध्यम व तीव्र अशा पायऱ्यांनी वाढत जाऊन त्याचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा दहा ते वीस वर्षे लागतात.

एवढ्या दीर्घ काळात त्या स्त्रीला वेदना होत नाहीत, रक्तस्राव होत नाही, कामात खंड पडत नाही. याच काळात बिघाड लक्षात आला, तर ती जागा अतिशीत वायूने गोठवून, उष्णतेने जाळून किंवा विजेच्या तारेच्या साहाय्याने काढून टाकता येते. या उपचारांसाठी बहुधा रुग्णालयात मुक्काम करावा लागत नाही. उलट लक्षणे दिसू लागल्यावर स्त्री दवाखान्यात येते, तेव्हा पुष्कळदा रोग आसपास पसरलेला असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना या रोगाची नव्याने लागण झाली आणि सुमारे ८० हजार स्त्रिया दगावल्या. जो रोग दहा-वीस वर्षांची मुदत देतो त्याने वर्षाला इतके बळी घ्यावेत, ही वैद्यकशास्त्राची उणीव म्हणण्यापेक्षा तपासणीच्या व्यवस्थेची उणीव म्हणणे अधिक योग्य होईल. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीस ते एकोणपन्नास वयोगटातील ज्या स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी करून घेतली होती, त्यांचे प्रमाण शेकडा १.९ इतकेच आढळले.

तपासणीच्या रूढ पद्धती

तपासणीच्या पद्धती उपलब्ध नाहीत असे नाही. जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्या नावाने ओळखली जाणारी पॅप चाचणी १९४० नंतरच्या दशकात रूढ झाली. तीत गर्भाशयमुखावरील पेशी अलगद खरवडून काचपट्टीवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. या चाचणीची जेथे शिस्तबद्ध व्यवस्था उभारली गेली त्या देशांत रोगाचे प्रमाण ठळकपणे घटले. परंतु काचपट्टी तयार करणारा, ती रंगविणारा, वाचणारा आणि निकाल त्या स्त्रीपर्यंत पोचविणारा असे चार दुवे त्यात असतात. त्यांतील एक जरी निखळला तरी सारे श्रम वाया जातात.

दुसरी पद्धत याहून साधी आहे. सौम्य केलेले ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यात असते तेच आम्ल, कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखावर लावतात आणि मिनिटभर थांबून नुसत्या डोळ्यांनी पाहणी करतात. बिघडलेल्या पेशींची जागा पांढरी दिसू लागते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील झोपडवस्त्यांत या पद्धतीचा प्रयोग केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन हे काम सोपविण्यात आले. तपासणीचा गट आणि तुलनेचा गट मिळून दीड लाखाहून अधिक स्त्रिया या प्रयोगात होत्या. दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या. बारा वर्षांनंतर तपासणीच्या गटातील या रोगाचे मृत्यू शेकडा ३१ ने कमी भरले.

तिसरी पद्धत विषाणूच्या जनुकद्रव्याचा शोध घेणारी आहे. तिच्याविषयीचा एक भक्कम पुरावा महाराष्ट्रातूनच जगापुढे गेला. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील ४९७ गावांतील तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा चार गटांत अभ्यास करण्यात आला. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो संयुक्तपणे केला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटाची विषाणूसाठी एकदाच चाचणी झाली होती त्यात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या तुलनेच्या गटात, तो आकाराने काहीसा लहान असूनही, ६४ मृत्यू झाले. पॅप चाचणी किंवा आम्लाची पाहणी एकदाच झालेल्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसून आली नाही.

विषाणूची चाचणी प्रभावी असली तरी तिला एक मर्यादा आहे. विषाणू आहे किंवा नाही, एवढेच ती सांगते. पेशींत बिघाड झाला आहे काय, हे तिला सांगता येत नाही. संसर्ग झालेल्या बहुसंख्य स्त्रियांत बिघाड नसतोच. त्यामुळे विषाणू सापडलेल्या प्रत्येक स्त्रीची पुढील तपासणी करावी लागते. ती कॉल्पोस्कोप या भिंगयंत्रातून होते व संशयित जागेचा सूक्ष्म तुकडा काढून बायॉप्सीसाठी पाठविला जातो. असे यंत्र व ते वापरणारा तज्ज्ञ प्रत्येक तालुक्याला असत नाही. स्त्रीला मोठ्या गावी जावे लागते, मजुरी बुडते, सोबतीला कोणीतरी लागते आणि निकालासाठी पुन्हा एक खेप घालावी लागते. या खेपांतच अनेक स्त्रिया उपचारांपासून दुरावतात. तपासणीच्या खोलीतच, तुकडा न काढता, काही क्षणांत बिघाडाचा अंदाज घेता येईल काय, हा प्रश्न येथे उभा राहतो. गेली तीस-पस्तीस वर्षे काही शास्त्रज्ञ त्याचे उत्तर प्रकाशात शोधीत आहेत.

प्रकाश काय सांगतो

पिकलेले फळ आणि कच्चे फळ यांतील भेद आपण प्रकाशामुळेच ओळखतो. फळावर पडलेल्या प्रकाशातील काही रंग शोषले जातात व काही परत येतात. परत आलेल्या प्रकाशाची मोजणी रंगवार, म्हणजे तरंगलांबीनुसार, केली की जो आलेख मिळतो त्याला वर्णपट म्हणतात. डोळा पाच-दहा छटांत भेद करतो, तर वर्णपटमापक शेकडो तरंगलांबींवर स्वतंत्र आकडा देतो. गर्भाशयमुखाच्या तपासणीत लेखणीएवढ्या जाडीची एक नळी आत नेऊन पृष्ठभागाला टेकवितात. तिच्यातील काचतंतूंपैकी काही प्रकाश आत नेतात व काही परत आणतात. गर्भाशयमुखाचे वरचे अस्तर अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असल्याने प्रकाश त्यातून पार होऊन खालच्या थरापर्यंत पोचतो, आणि रोगाची सुरुवात याच अस्तरात होते.

परत येणाऱ्या प्रकाशातून तीन प्रकारची माहिती मिळते. पहिली विखुरण्याची. बिघडलेल्या पेशींचे केंद्रक मोठे होते, पेशींची दाटी वाढते आणि खालच्या थरातील तंतूंची वीण सैल पडते. या बदलांमुळे प्रकाश वेगळ्या रीतीने विखुरतो. नव्या रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर हिमोग्लोबिन ठरावीक तरंगलांबींचा प्रकाश अधिक शोषून घेते व वर्णपटात तेथे खळगे पडतात.

दुसरी माहिती प्रतिदीप्तीची. जंबुपार किंवा निळा प्रकाश टाकला असता काही पदार्थ स्वतः अधिक लांब तरंगलांबीचा मंद प्रकाश बाहेर टाकतात, याला प्रतिदीप्ती म्हणतात. पेशींच्या ऊर्जाव्यवहारात भाग घेणारे एनएडीएच हे द्रव्य आणि अस्तराखालच्या आधारथरातील कोलॅजनचे तंतू असे प्रकाशतात. कर्करोगाच्या वाटेवर असलेल्या पेशींचा ऊर्जाव्यवहार वाढलेला असतो, म्हणून एनएडीएचची दीप्ती वाढते. कोलॅजनची वीण मोडत असल्याने त्याची दीप्ती घटते. या दोहोंच्या प्रमाणातील पालट हीच येथली मुख्य खूण होय. अमेरिकेतील टेक्सस राज्यात रिबेका रिचर्ड्स-कॉर्टम, निर्मला रामानुजम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात ३३७ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर वापरून रुग्ण स्त्रियांवर अशी मोजमापे घेतली. या क्षेत्रातील प्रारंभीच्या महत्त्वाच्या प्रयोगांत त्यांची गणना होते.

तिसरी माहिती देणाऱ्या परिणामाला भारतीय नाव आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या ज्या शोधाची निश्चिती झाली, तो रामन परिणाम. पदार्थावरून विखुरणाऱ्या प्रकाशापैकी अत्यल्प भाग, ढोबळ मानाने एक कोटी प्रकाशकणांपैकी एखादा, आपली तरंगलांबी बदलून परततो. हा बदल पदार्थाच्या रेणूंतील कंपनांवर अवलंबून असतो. त्यामुळे प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जनुकद्रव्य आणि ग्लायकोजेन यांच्या खुणा त्यात वेगवेगळ्या उमटतात. हा संकेत इतका क्षीण असतो की तो टिपण्यास महागडी उपकरणे लागतात. परंतु रेणूंची ओळख पटविण्यात तो प्रतिदीप्तीपेक्षा सरस आहे. नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षण यांना वाहिलेली प्रगत संस्था आहे. तेथे सी. मुरली कृष्ण यांच्या प्रयोगशाळेने तोंडाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी रामन वर्णपटांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

संख्याशास्त्राची गरज कोठे पडते

बिघडलेल्या जागेचा वर्णपट वेगळा असतो एवढे सिद्ध झाले म्हणजे प्रश्न सुटला, असे वाटणे स्वाभाविक आहे. खरी अडचण येथूनच सुरू होते. एकाच स्त्रीच्या गर्भाशयमुखावरील निरोगी आणि बिघडलेल्या जागांच्या वर्णपटांत जेवढा फरक असतो, त्याहून अधिक फरक दोन निरोगी स्त्रियांच्या वर्णपटांत असू शकतो, असे टेक्ससच्या त्या प्रयोगांतच आढळून आले. वय वाढते तशी कोलॅजनची दीप्ती वाढते. ऋतुनिवृत्ती झालेल्या स्त्रीचे अस्तर पातळ होते. सूज, जंतुसंसर्ग, मासिक चक्रातील दिवस, नळी टेकविताना पडलेला दाब, या सर्वांची छाया वर्णपटावर पडते. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये असे दाखविले, की ऋतुमान अवस्थेनुसार स्त्रियांचे आधी गट पाडले तर रामन वर्णपटांवरून केलेले निदान अधिक अचूक ठरते. म्हणजे एक आलेख पाहून निकाल सांगणे तज्ज्ञालाही जमण्यासारखे नाही. शेकडो स्त्रियांचे आलेख एकत्र ठेवून त्यांतील नैसर्गिक विविधता कोणती आणि रोगाची खूण कोणती, हे निवडावे लागते. हे काम संख्याशास्त्राचे आहे.

पहिली पायरी आकड्यांचा पसारा आवरण्याची. एका वर्णपटात चार-पाचशे आकडे असले तरी त्यांतील पुष्कळसे एकमेकांबरोबर वरखाली होतात. शिक्षकांना याचा अनुभव असतो. वर्गाच्या निकालपत्रकात दहा विषयांचे रकाने असतात. परंतु गणितात पुढे असणारा विद्यार्थी बहुधा विज्ञानातही पुढे असतो आणि भाषाविषयांची आपसांत सांगड असते. दहा रकान्यांमागे वास्तविक दोन-तीनच प्रवृत्ती असतात. त्या शोधून काढण्याची रीत कार्ल पिअर्सन यांनी १९०१ मध्ये मांडली व हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९३३ मध्ये विकसित केली. तिला प्रमुख घटक विश्लेषण म्हणतात. तिच्यामुळे चार-पाचशे आकड्यांऐवजी पाच-सात आकड्यांवर काम भागते.

दुसरी पायरी अंतर मोजण्याची. नवा वर्णपट निरोगी गटाच्या जवळ आहे की बिघडलेल्या गटाच्या, हे कसे ठरवावयाचे? साधे फुटपट्टीचे अंतर येथे उपयोगी पडत नाही. सातवीच्या वर्गात एखाद्या मुलाची उंची सरासरीहून थोडी अधिक असते, त्यात काही विशेष नाही. एखाद्याचे वजन सरासरीहून थोडे कमी असते, त्यातही नाही. परंतु तोच मुलगा उंच असून त्याचे वजन मात्र कमी असेल, तर तो वर्गातील इतरांहून निश्चित वेगळा आहे. कारण उंची आणि वजन सहसा बरोबरीने वाढतात. ही जोडनाती व गटातील नैसर्गिक पसरण लक्षात घेऊन अंतर मोजण्याची रीत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये सिद्ध केली. माणसांच्या शरीरमापांचा अभ्यास करताना ती त्यांना सुचली होती. आज जगभर ती महालनोबिस अंतर या नावाने वापरली जाते. शरीराच्या आतून आलेल्या प्रकाशाची पारख करतानाही तिचा आधार घेतला जातो. रामन आणि महालनोबिस यांची कामे कलकत्ता या एकाच शहरात आठ वर्षांच्या अंतराने झाली आणि दोन्ही एका रोगाच्या तपासणीत पुढे एकत्र आली, हा योगायोग नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

तिसरी पायरी ताळ्याची आहे व तिच्यावरच सर्वांत अधिक भर द्यावयास हवा. ज्या उदाहरणांवर विद्यार्थ्याचा सराव करून घेतला तीच परीक्षेत घातली, तर शेकडा शंभर गुण मिळतील. परंतु त्यांवरून त्याची पारख होणार नाही. वर्णपटांचेही तसेच आहे. ज्या स्त्रियांच्या नोंदींवरून नियम बसविला त्यांच्यावरच तो तपासला, तर अचूकता फसवी निघते. म्हणून प्रत्येक वेळी एका स्त्रीच्या सर्व नोंदी बाजूला ठेवून उरलेल्यांवरून नियम बसवितात, मग त्या स्त्रीबद्दल विचारणा करतात. एकाच स्त्रीचे दहा आलेख म्हणजे दहा स्त्रियांचे आलेख नव्हेत. याचे भान सुटलेले शोधनिबंध मोठमोठे आकडे देतात आणि ते आकडे पुढे वर्तमानपत्रांतही छापले जातात. अशा आकड्यांपुढे थांबून, तपासणी कोणावर झाली होती, हे विचारणे इष्ट होय.

खारघर येथील एका अभ्यासात याचे बोधक उदाहरण सापडते. पॅप चाचणीसाठी घेतलेल्या पेशींच्या नमुन्यांचे रामन वर्णपट घेतले असता कर्करोगाचे व निरोगी नमुने सहजपणे वेगळे काढता येत होते. बारकाईने पाहता असे दिसून आले, की ही वर्गवारी पुष्कळ अंशी नमुन्यांतील रक्ताच्या खुणांवरून होत होती. कर्करोगाच्या रुग्णांत रक्तस्राव असतो, हे खरे. परंतु निरोगी स्त्रीच्या नमुन्यातही काही कारणाने रक्त येऊ शकते व तशा स्त्रीला यंत्राने रोगी ठरविले असते. संशोधकांनी तांबड्या पेशी नष्ट करून मोजणी पुन्हा केली. अचूकता काहीशी उतरली, परंतु उरली ती खुद्द पेशींच्या बदलांवर आधारलेली होती. उतरलेला आकडा प्रांजळपणे प्रसिद्ध करण्यात आला, यातच त्या अभ्यासाचे मोल आहे.

सीमारेषा कोठे आखावी

सर्व गणित झाल्यावर यंत्र एक आकडा देते. हा आकडा अमुक मर्यादेच्या वर गेला तर संशयित, खाली राहिला तर निरोगी. ही मर्यादा निसर्गाने आखलेली नसते. ग्रामीण भागात पैसेवारीचा अनुभव सर्वांना आहे. एकोणपन्नास पैसे आणि एक्कावन्न पैसे पीक असलेल्या दोन गावांच्या शेतांत उघड्या डोळ्यांना फरक दिसत नाही, तरी पन्नास पैशांच्या रेषेमुळे दोन्ही गावांचे प्रश्न निराळे होतात. वर्णपटाच्या यंत्रातही रेषा खाली ओढली तर रोग निसटण्याचा धोका कमी होतो, पण विनाकारण धास्तावणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढते. ती वर नेली तर याच्या उलट होते. खरोखरच बिघाड असलेल्यांपैकी शेकडा किती जणी यंत्राने ओळखल्या, याला संवेदनशीलता म्हणतात. निरोगींपैकी शेकडा किती जणींना त्याने निरोगी म्हटले, याला विशिष्टता म्हणतात.

हिशेब मांडून पाहिला म्हणजे यातील गांभीर्य ध्यानी येते. समजा, एका भागातील १,००० स्त्रियांची तपासणी झाली आणि त्यांपैकी २० जणींत उपचार करण्याइतका बिघाड आहे. यंत्राची संवेदनशीलता ९० व विशिष्टता ८० टक्के धरली, तर वीसपैकी १८ जणी सापडतील आणि दोघी निसटतील. परंतु ९८० निरोगी स्त्रियांपैकी १९६ जणींनाही यंत्र संशयित ठरवील. एकूण २१४ स्त्रियांना पुढच्या तपासणीस बोलवावे लागेल आणि त्यांतील खऱ्या रोगी अवघ्या अठरा, म्हणजे बारा जणींत एखादीच. आता सीमारेषा वर नेली आणि संवेदनशीलता ७५ व विशिष्टता ९५ टक्के झाली असे मानू. पुढे जाणाऱ्यांची संख्या ६४ वर येईल, पण निसटणाऱ्या दोघींच्या जागी पाच जणी होतील. त्या वाढीव तिघींची किंमत काय, आणि दीडशे जणींच्या व्यर्थ हेलपाट्यांची व काळजीची किंमत काय, हे संख्याशास्त्र सांगू शकत नाही. तो निर्णय आरोग्यव्यवस्थेने उघडपणे घ्यावा लागतो.

याच यंत्राचे स्थान बदलले तर हिशेब पालटतो. समजा, आधी सर्व हजार स्त्रियांची विषाणूसाठी चाचणी केली. तीत १०० जणींना संसर्ग आढळला आणि बिघाड असलेल्या वीसपैकी १९ जणी त्या शंभरांत आल्या. या शंभरांवरच प्रकाशाची चाचणी केली, तर पहिल्याच सीमारेषेने १७ खऱ्या रोगी सापडतील आणि सुमारे १६ निरोगी स्त्रियांना नाहक पुढे जावे लागेल. पुढे जाणाऱ्या ३३ जणींपैकी निम्म्याहून अधिक खरोखर उपचारयोग्य निघतील. यंत्र तेच, त्याची अचूकता तीच. केवळ ते कोणत्या पायरीवर ठेवले यामुळे एवढे अंतर पडते. सरसकट सर्व स्त्रियांच्या प्राथमिक तपासणीपेक्षा दुसऱ्या पायरीवर या तंत्राचा उपयोग अधिक होईल, असे म्हणण्यास हा आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत प्राथमिक तपासणीसाठी विषाणूच्या चाचणीलाच पसंती दिली आहे.

प्रयोगशाळेतून दवाखान्याकडे

प्रतिदीप्ती आणि परावर्तित प्रकाश यांवर चालणारे लूमा नावाचे एक यंत्र २००६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्य केले. ही मान्यता कॉल्पोस्कोपला जोड म्हणून होती. त्याच्या जागी वापरण्यासाठी नव्हती. भारतात कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आसिमा प्रधान यांच्या गटाने हाती धरता येईल असे लहान उपकरण विकसित करून तेथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहकार्याने रुग्णांवर त्याची चाचणी घेतली. रक्तामुळे होणारे शोषण व ऊतींतील विखुरणे यांनी प्रतिदीप्तीचा मूळ संकेत विकृत होतो. ध्रुवित प्रकाशाच्या साहाय्याने दोन मोजण्या घेऊन एकीने दुसरीची दुरुस्ती करणे, ही त्या उपकरणातील मुख्य कल्पना आहे. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील भौतिकशास्त्रज्ञांनी कानपूरच्या गटाबरोबर आणखी एक वाट चोखाळली. ऊतींची घडण लहान-मोठ्या सर्व मापांवर काहीशी स्वतःसारखीच असते, आणि रोगाच्या प्रारंभी या सारखेपणात खंड पडतो. विखुरलेल्या प्रकाशातील चढउतारांवरून तो खंड आकड्यांत पकडण्याचा त्यांचा प्रयत्न आहे.

दवाखान्यातील अडचणी मात्र वेगळ्याच असतात. प्रत्येक स्त्रीनंतर नळीचे निर्जंतुकीकरण व्हावे लागते किंवा तिच्यावर नवे आवरण चढवावे लागते. खोलीतील दिव्याचा प्रकाश आत शिरला तर नोंद बिघडते. यंत्राचे माप ठरावीक काळाने प्रमाण नमुन्यावर पडताळावे लागते. नळी एका वेळी लहानशा जागेचीच नोंद घेते, त्यामुळे ती नेमकी कोठे टेकवावी हे जाणणारा हात पुन्हा लागतोच. आणि ज्या बायॉप्सीला प्रमाण मानून यंत्राला शिकविले जाते, तिच्या निकालाविषयीही, विशेषतः सौम्य व मध्यम बिघाडाच्या बाबतीत, दोन तज्ज्ञांत मतभेद होतात. प्रमाणातच जेवढी डळमळ असेल तेवढी यंत्राच्या शिकवणीत उतरणार.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या कार्यपद्धतीनुसार तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी आम्लाच्या साहाय्याने पाहणी करावयाची आहे. मुलींसाठी विषाणूप्रतिबंधक लस उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली सर्व्हाव्हॅक ही भारतीय लस जानेवारी २०२३ मध्ये दाखल झाली. परंतु लसीचा लाभ आजच्या मुलींना पुढील काळात मिळणार आहे. ज्या स्त्रिया आज चाळिशीत आहेत त्यांच्यासाठी तपासणी हाच मार्ग उरतो. त्यांच्यापैकी एखादीच्या गर्भाशयमुखावर पांढरा डाग दिसतो, तेव्हा तो साध्या सुजेचा आहे की बिघाडाचा, हे त्याच बैठकीत ठरले तर उष्णतेचा उपचारही त्याच बैठकीत होऊ शकेल व तिची पुढची खेप वाचेल. प्रकाशाच्या उपकरणाने हे साधते किंवा नाही, हे मोठ्या रुग्णालयात आलेल्या दोन-तीनशे रुग्णांच्या नोंदींवरून ठरणार नाही. गावोगावच्या, बहुतांशी निरोगी अशा हजारो स्त्रियांवर त्याची मोजणी व्हावी लागेल. बार्शीच्या केंद्राला विषाणूच्या चाचणीचे मोल सिद्ध करण्यासाठी ४९७ गावांतील स्त्रियांचा आठ वर्षे मागोवा घ्यावा लागला होता.